नवकारसीपूर्वीची सायकल

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नांदेड-हिंगोली मार्गावर असल्यामुळे येथील पहाट लवकर जागी होते. अंधार पुरता ओसरण्यापूर्वीच रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावू लागतात, चहाच्या टपऱ्यांवर भांडी वाजू लागतात आणि सोयाबीनच्या हंगामात मोंढ्याकडे निघालेल्या टेम्पोंचे दिवे लांबून दिसू लागतात. जैन व्यापारी घरांचा दिवस मात्र घड्याळापेक्षा सूर्यावर चालतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही आणि सूर्यास्तानंतर काही घ्यायचे नाही. नवकारसी आणि चौविहार या दोन नियमांमध्ये कित्येक घरांच्या चार-चार पिढ्या वाढल्या. आडत दुकानाच्या हिशेबात चूक होईल, पण संध्याकाळच्या जेवणाची वेळ चुकणार नाही, अशी त्या घरांची ख्याती.

अशाच एका घरातील बावीस वर्षांच्या नातवाला सायकलीचा छंद लागला. बी.कॉम. होऊन तो दुकानात बसू लागला होता. दिवसभर गादीवर बसून अंग जड होते म्हणून त्याने पहाटे सायकल चालवण्यास आरंभ केला. प्रथम दहा किलोमीटर, मग वीस, मग कळमनुरीपर्यंत जाऊन परत. नवकारसी त्याने आठव्या वर्षी दादाजींच्या तोंडून पच्चक्खाण घेऊन सुरू केली होती आणि ती एकदाही मोडली नव्हती. पहाटे पाण्याचा थेंबही न घेता तो निघे आणि घरी आल्यावर नवकार म्हणून दूध घेई. तासाभराच्या त्या फेरीत त्याला कधी थकवा जाणवला नाही. उलट रिकाम्या पोटी अंग हलके वाटते, असे तो मित्रांना अभिमानाने सांगत असे.

डिसेंबरातील एका रविवारी तो सव्वापाचला निघाला. हिंगोलीपर्यंत जाऊन परतायचे, म्हणजे जाऊन-येऊन पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर, असा बेत होता. परतीच्या वाटेवर कळमनुरी मागे पडल्यानंतर आठच्या सुमारास त्याचे पाय अचानक वळेनासे झाले. दम लागला नव्हता, पाय दुखतही नव्हते. केवळ त्यांतले बळ निघून गेले होते. थंडीतही कपाळाला घाम फुटला, हात कापू लागले, समोरचा रस्ता धूसर दिसू लागला. तो कडेच्या दगडावर बसला तो उठेना. मोंढ्याकडे निघालेल्या ओळखीच्या टेम्पोवाल्याने त्याला आणि सायकलीला पोत्यांवर टाकून घरी पोचवले.

गुळाचे पाणी आणि दोन केळी पोटात जाताच अर्ध्या तासात तो सावरला; परंतु घरातील वातावरण सावरण्यास दिवस लागले. "उपाशीपोटी जाऊ नकोस म्हणून मी किती वेळा सांगितले," असे म्हणून आईने डोळ्याला पदर लावला. काकाजींचे मत रोखठोक होते. नियम म्हाताऱ्यांसाठी असतात. तरुण मुलाने व्यायाम करायचा तर पहाटे काहीतरी खाऊनच गेले पाहिजे, आणि तेवढ्यापुरती नवकारसी सोडली म्हणून काही बिघडत नाही. दादाजी काहीच बोलले नाहीत. ज्या नियमाचे बोट त्यांनी स्वतः नातवाच्या हाती दिले होते, त्यावर आज घरात आरोप होत होता. नातू दोन्हीकडून अडचणीत सापडला. त्याला नियम सोडायचा नव्हता आणि सायकलही सोडायची नव्हती. फेब्रुवारीत होणाऱ्या दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी त्याने नाव नोंदवले होते. ब्रेव्हे ही शर्यत नसते; ठरलेल्या मुदतीत अंतर पुरे करावयाचे असते. दोनशे किलोमीटरसाठी ही मुदत साडेतेरा तासांची असते.

आठवड्याभराने दादाजींचे भाचे, व्यवसायाने डॉक्टर, घरी आले. सारी हकिकत ऐकून त्यांनी नातवाला चारच प्रश्न विचारले. आदल्या दिवशी संध्याकाळी काय खाल्ले? दुकानात गर्दी होती म्हणून साडेपाचला एक खाखरा आणि कपभर दूध. पाणी केव्हा प्यायलास? त्याच वेळी. रविवारी नवकारसी किती वाजता आली? साडेसातला. आणि पाय केव्हा थांबले? आठला. डॉक्टर हसून म्हणाले, "म्हणजे नियम पुरा होऊन अर्धा तास झाला होता. खिशात चार खजूर असते तर तू टेम्पोत बसला नसतास. मामाजी, यात नियमाचा दोष नाही; तयारीचा आहे."

त्या एका वाक्याने दादाजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मग त्यांनी शरीराचा हिशेब समजावून मागितला आणि डॉक्टरांनी तो मांडला.

माणूस जे धान्य, फळे, गूळ, साखर खातो, त्यातील काही भाग शरीर ग्लायकोजेन या रूपात साठवते. यकृतात हा साठा साधारणतः शंभर ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्याचे काम रक्तातील साखर स्थिर राखणे हे असते. स्नायूंमधील साठा तीनशे ते पाचशे ग्रॅम असतो. तो त्या त्या स्नायूलाच वापरता येतो. याशिवाय चरबीचा साठा असतो, तो सडपातळ माणसातही अनेक दिवस पुरेल एवढा मोठा असतो. परंतु चरबीतून शक्ती मिळण्याचा वेग मंद असतो. श्रम जसजसे जोराचे होतात, तसतसे शरीर ग्लायकोजेनवर अधिक अवलंबून राहते. रात्रभरच्या झोपेत स्नायूंतील साठा फारसा कमी होत नाही. यकृतातील साठ्याचा मात्र मोठा भाग खर्च होतो, कारण मेंदूला रात्रीही साखर लागतेच.

दादाजींनी क्षणभर विचार केला आणि आपल्या भाषेत जमाखर्च मांडला. यकृत म्हणजे गल्ल्यातील रोकड, स्नायू म्हणजे गोदामातील माल, आणि चरबी म्हणजे गावाबाहेरची शेतजमीन. जमीन मोलाची खरी, पण दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला ती विकून पैसे देता येत नाहीत. डॉक्टरांनी हा दाखला मान्य केला. त्या रविवारी गल्ला रात्रीच रिकामा झाला होता, गोदाम संध्याकाळी भरलेच नव्हते, आणि मागणी पावणेतीन तासांची होती.

ही समजूत शास्त्रालाही एकाएकी आलेली नाही. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटी डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र होऊन पोचलेल्यांच्या रक्तातील साखर फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना आधीपासून पिष्टमय आहार आणि वाटेत गोड गोळ्या दिल्या, तर त्यांची अवस्था पुष्कळच बरी राहिली. १९६७ साली स्वीडनमधील संशोधकांनी स्थिर सायकलीवर तरुणांची परीक्षा घेतली. तीन दिवस केवळ स्निग्ध व प्रथिनयुक्त आहार घेतल्यावर ते सुमारे ५७ मिनिटांत थकले, मिश्र आहारावर ११४ मिनिटे टिकले आणि पिष्टमय आहारावर १६७ मिनिटे. माणसे तीच, सायकल तीच, जोर तोच. फरक आधीच्या तीन दिवसांच्या ताटाचा. पहाटे काय खाल्ले यापेक्षा काल आणि परवा काय खाल्ले याला किती महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येते. जो माणूस सूर्यास्तापूर्वी जेवतो, त्याच्यासाठी तर हे अधिकच महत्त्वाचे. कारण त्याचे पहाटेचे भांडवल त्या जेवणातच असते.

मग रस्त्यावर धावणारी ती मुले काही न खाता कशी धावतात, असे आईने विचारले. प्रश्न योग्य होता. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. असे धावणे काही मिनिटांत संपते; त्याला लागणारी शक्ती स्नायूंत असतेच. एकूण अभ्यासांचा निष्कर्षही असाच आहे, की तासाभराहून अधिक चालणाऱ्या श्रमात आधी खाल्ल्याचा लाभ दिसतो, त्याहून थोड्या वेळाच्या श्रमात तो फारसा दिसत नाही. म्हणून दादाजींचे पाऊण तासाचे प्रभातफेरीचे चालणे, सुनेची योगासने, नातवाची वीस किलोमीटरची फेरी, हे सारे नवकारसीपूर्वी सुखाने होऊ शकते. मात्र मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने रिकाम्या पोटी व्यायामाचा निर्णय स्वतःच्या मनाने घेऊ नये; त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाऊल उचलावे. व्यापारी घरांत ही व्याधी थोडी नाही, म्हणून डॉक्टरांनी हे दोनदा सांगितले.

रिकाम्या पोटी व्यायाम केल्याने चरबी झपाट्याने उतरते, ही काकूंची समजूतही त्या संध्याकाळी तपासली गेली. त्या वेळेपुरती चरबी अधिक जळते हे खरे. परंतु दिवसभराचा आहार सारखाच ठेवला तर काही आठवड्यांनंतर वजनात विशेष फरक आढळला नाही. खर्च कोणत्या खात्यातून झाला यापेक्षा वर्षाअखेरीची शिल्लक महत्त्वाची, हे त्या घरात वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

खाण्याची वेळ आणि प्रकार यांचाही विचार झाला. सायकलीवर शरीर बरेचसे स्थिर असते. धावताना मात्र प्रत्येक पावलाला पोट हिंदकळते, म्हणून धावणाऱ्यांना मळमळ, पोटात मुरडा असे त्रास अधिक होतात. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. तासभर आधी खायचे तर हलके खावे. साधारण प्रमाण असे, की तासभर आधी वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅम पिष्टमय पदार्थ पुरेसा होतो. साठ किलोच्या तरुणासाठी दोन केळी आणि दोन-तीन खजूर एवढ्यात ते भागते. तुपाने थबथबलेला शिरा, पुरी, फरसाण हे पदार्थ पोटात रेंगाळतात. ते परतल्यावर खावेत. निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी नुसते साखरेचे पाणी पिण्याविषयी मतभेद आहेत. १९७९ च्या एका अमेरिकी प्रयोगात ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतलेले लोक १९ टक्के लवकर थकले, कारण साखर एकदम चढून मग खाली आली. पुढच्या बऱ्याच प्रयोगांत हा तोटा दिसला नाही. एकंदरीत एखाद्याला ते मानवते, एखाद्याला नाही. त्याची परीक्षा सरावात घ्यावी, मोठ्या दिवशी नव्हे.

लांबच्या अंतराला तर वाटेत खाणे अटळ असते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कसलेले सायकलपटू नुसत्या पाण्यावर सुमारे तीन तासांत थकले. वाटेत साखरयुक्त पेय घेत गेले तेव्हा चार तास टिकले. तासाला तीस ते साठ ग्रॅम, हा आजचा सर्वमान्य हिशेब. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिका आडवी ओलांडणारी रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली तीच वाट एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. सुमारे ४८०० किलोमीटरच्या त्या मार्गावर सायकलस्वारामागे त्याच्या माणसांची गाडी असते आणि खाणे-पिणे हे तिच्या प्रमुख कामांपैकी एक असते. अशा प्रवासात पायांइतकाच पोटालाही सराव लागतो.

याच संदर्भात डॉक्टरांनी एक गमतीची गोष्ट सांगितली. २००४ साली इंग्लंडमध्ये सायकलपटूंना पिष्टमय द्रावणाने फक्त चूळ भरायला लावली, एक घोटही गिळू दिला नाही. तरी तासाभराच्या परीक्षेत त्यांचा वेळ जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारला. जिभेला चव कळली एवढ्यानेच मेंदूने पायांना सवलत दिली. नातवाचे डोळे चमकले. चूळ भरून थुंकली तर नवकारसी मोडत नाही ना, असे त्याने विचारले. दादाजी म्हणाले, "बेटा, जीभ चाखते ते आपल्याला कळतेच ना? पळवाट काढून पाळलेला नियम पाळलाच कशाला म्हणायचे?" विषय तेथेच मिटला.

आता राहिला मूळ प्रश्न. काकाजींनी तो पुन्हा मांडला, की एवढा खटाटोप करण्यापेक्षा एक दिवस नवकारसी सोडावी. दादाजींनी या वेळी उत्तर दिले. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर नामकर्माच्या बंधाची जी सोळा कारणे सांगितली आहेत, त्यांत त्याग आणि तप हे शक्तीनुसार करावेत असे म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ शक्ती नसेल तर सोडून द्या, एवढाच ते आजवर समजत आले होते. परंतु त्याला दुसरी बाजूही होती. शक्तीनुसार तप करायचे तर आपली शक्ती किती, तिचा साठा कोठे, खर्च किती, हे आधी जाणले पाहिजे. न जाणता केलेला उपवास आणि न मोजता केलेला व्यवहार, दोन्ही सारखेच. "तुला आठव्या वर्षी पच्चक्खाण दिले, तेव्हा तू अंगणात खेळत होतास," ते नातवाला म्हणाले. "आज तू ऐंशी किलोमीटर जातोस. नियम तोच आहे, पण तो पेलण्याची तयारी मी तुला शिकवली नाही. ती चूक माझी."

नातवाला या बोलण्याची अपेक्षा नव्हती. तो काही वेळ खाली मान घालून बसला. मग त्यानेच वहीत वेळा लिहायला घेतल्या.

पंचांग उघडले गेले. डिसेंबरात या भागात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास आणि नवकारसी साडेसातला. म्हणजे मध्ये चौदा तासांचे अंतर. जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि नवकारसी साडेसहाला येते. अंतर बारा तासांच्याही आत. म्हणजे उपवास हिवाळ्यात लांब; परंतु पाण्याची ओढ उन्हाळ्यात अधिक. मराठवाड्याच्या उन्हात शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक पाणी घामावाटे गेले की दमसास घटू लागतो. म्हणून असे ठरले की हिवाळ्यात संध्याकाळचे जेवण पोटभर, ज्वारीची भाकरी, भात आणि मुगाचे वरण असे घ्यावे. दुकानात कितीही गर्दी असो, त्या वेळी नातवाने गादीवरून उठावे. सूर्यास्तापूर्वी पाणी एकदम न ढोसता दुपारपासून थोडे थोडे प्यावे. तासाभराची फेरी पहाटे. त्याहून मोठी फेरी नवकारसीनंतर खाऊन, किंवा ती वेळ वाटेत येईल तर खिशात शिदोरी ठेवून. उपवासाच्या दिवशी सायकल घरातच. बाजारात मिळणाऱ्या शक्तिवर्धक जेलच्या पुड्या आणि चघळण्याच्या गोळ्या घेण्यापूर्वी वेष्टन वाचावे, कारण काहींत मध असतो आणि काहींत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन. खजूर, मनुका, गुळाची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू यांना अशी शंका नाही. बटाटा-रताळ्यावाचून सायकल चालत नाही, हा समज तर त्या घरात कोणाचाच नव्हता.

फेब्रुवारीत ब्रेव्हे सकाळी सहाला सुटली. पहिला पाऊण-एक तास इतर स्वार पुढे निघून जात होते. नातू मुद्दाम सावकाश चालवत राहिला, कारण गोदामातील माल जपायचा होता. सातच्या आत सूर्य वर आला. पावणेआठच्या सुमारास, नवकारसी येताच, तो एका झाडाखाली थांबला, हात जोडून नवकार म्हटला, मग पाणी प्यायला, दोन केळी आणि एक लाडू खाल्ला. त्यानंतर दर अर्ध्या तासाला खिशातले काहीतरी तोंडात जात राहिले. दुपारी दही-भात झाला. संध्याकाळी सहा वाजता, सूर्य मावळण्यापूर्वी, शेवटचे पाणी प्यायला तेव्हा दहा किलोमीटर उरले होते. ते त्याने कोरड्या तोंडाने पुरे केले आणि मुदत संपण्यास तासभर शिल्लक असताना पोचला. पाय दुखत होते, पण ते थांबले नव्हते.

घरी आनंद झाला. काकाजींनीच पेढे वाटले. परंतु पुढच्या वर्षीच्या तीनशे किलोमीटरचा विषय निघाला तेव्हा नातू गप्प झाला. त्याची मुदत वीस तासांची; म्हणजे सूर्यास्तानंतर कित्येक तास, अन्नपाण्यावाचून, अंधारात चालवावे लागणार. त्या अंतराला वाटेत खाल्ल्यावाचून भागत नाही, हे आता त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. येथे पंचांगाची मदत नव्हती, शिदोरीचीही नव्हती. एक काहीतरी सोडणे भाग होते.

सगळ्यांच्या नजरा दादाजींकडे वळल्या. त्यांनी नातवाची वही जवळ घेतली, शेवटच्या पानावर लिहिलेले आकडे पाहिले आणि ती परत त्याच्या हाती दिली. हिशेब तू शिकला आहेस, तेव्हा निर्णयही तुझाच, एवढेच ते म्हणाले.

नातवाने त्या वर्षी तीनशेसाठी नाव घातले नाही. दोनशेच्या आणखी दोन ब्रेव्हे पुऱ्या केल्या. पुढे काय करील ते त्याने कोणाला सांगितलेले नाही, आणि घरातही कोणी विचारत नाही. मात्र हिवाळ्यात संध्याकाळी पाच वाजले की मोंढ्यात कितीही गर्दी असो, दादाजी स्वतः गादीवर येऊन बसतात आणि नातवाला जेवायला घरी पाठवतात.